मोरझरीला उतरायचं कुठं?

कराड,
सोमवार, ता. ९ फेब्रुवारी १९७६

प्रिय साडूबंधू नानासो,

कराडहून आप्पासोचा नमस्कार. (साष्टांगच घातला असता, पण साडूला साष्टांग घालायचा रिवाज नाही, आणि या वयात घातला तर उठवायला दुसरं माणूस लागतं.) इकडे आम्ही उभयता धडधाकट आहोत. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? थंडीत दुखतो, उन्हात ठणकतो आणि पाहुणे आले की आपोआप राहतो, असं तुम्ही मागं लिहिलं होतं. वाचून आम्हीच येऊन चार दिवस राहावं असं मनात आलं होतं. शाळू काढणीला आला असेल. म्हैस व्याली का? लीलाआक्कांची तब्येत कशी आहे हे विचारायची या घरात चोरी आहे, म्हणून बारीक अक्षरात विचारतो : कशी आहे?

हे पत्र तुमच्या हुकमाप्रमाणं घरच्या पत्त्यावर न पाठवता सोसायटीच्या पत्त्यावर धाडतो आहे. वाचून झालं की जाळा. (फाडू नका. फाडलेली पत्रं बायका जुळवतात. एकतीस वर्षं संसार केल्यावर आणि तेवढीच वर्षं पोरांना भूगोल शिकवल्यावर माझं एवढं एकच ज्ञान पक्कं झालं आहे.)

तुम्ही म्हणाल, आप्पा, फौजेत रिपोर्ट तीन ओळींत देतात. देत असतील, तुम्ही सुभेदार होऊन आलात, तुम्हाला शोभतं. मी पडलो मास्तर. मागच्या धड्याची उजळणी झाल्याशिवाय पुढचं पान उलटत नाही. तर उजळणी अशी. तुमच्या घरच्या लीलाआक्का आणि आमच्या घरची विजयमाला या सख्ख्या बहिणी गेली पावणेदोन वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. माधवनगरला मेहुण्याच्या मुलीचं लग्न झालं, दुसऱ्या दिवशी घरातल्या माणसांपुरतं पुरण घातलं, ते हिनं एकटीनं घातलं. पंक्तीत नव्या विहीणबाई बसलेल्या. आक्कांनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "समदं झ्याक हाय, पर मालीच्या हाताला आईची चव न्हाई." वाक्य एवढंच. तुम्ही त्या वेळी तिसरी पोळी घेत होता, मी तूप मागत होतो. आपल्याला काही कळलंच नाही. हिनं हातातला झारा खाली ठेवला, तो ठेवलेला आवाज मला अजून ऐकू येतो. शेवटची तीन वर्षं सासूबाई आमच्याकडं होत्या. उठवणं, बसवणं, भरवणं सगळं हिनं केलं, एका शब्दानं कुरकुर न करता. आणि तीन वर्षं ज्या हातानं आईला भरवलं त्याच हाताला आईची चव नाही! त्या दिवसापासून तुमच्या वडूजचं नाव निघालं की ही उठून परसात जाते. (परवा आकाशवाणीवर वडूजचा बाजारभाव सांगितला तेव्हाही गेली.)

पौषात औंधच्या यात्रेत आपण दोघं भेटलो आणि चहाच्या हॉटेलात बसून तुम्ही बेत काढला, तो बेत माझ्यासारख्या सरळ माणसाला सुचला नसता हे मी मान्य करतो. हिची एक मागणी होतीच. मी निवृत्त झालो त्या दिवशी ही म्हणाली होती, "एकतीस वर्षं पोरांना छडीनं नकाशावर सह्याद्री दाखवलात. मला एकदा खरा दाखवा." तेव्हा तुम्ही म्हणालात, पाटणच्या वर मोरझरीचं जंगल आहे, सरकारनं राखून ठेवलं आहे, पुढं राष्ट्रीय उद्यान का काय ते करणार म्हणतात, गवे आहेत, सांबरं आहेत. तिथं एकाच दिवशी, एकाच ठिकाणी आपण दोघांनी आपापली मंडळी न्यायची आणि "अरे, तुम्हीपण इकडं?" असं म्हणायचं. उतरायची जागा मात्र पारखून घ्यायची. खोल्या दोन हव्यात, पण ओसरी एक हवी. चूल एकच हवी. आणि परतीची एस.टी. अशी हवी की रागानं पिशवी उचलली तरी लगेच गाडी मिळू नये. "आप्पा, तुम्ही पुढं जाऊन रेकी करा," असं म्हणून तुम्ही भजी संपवलीत.

तर मी रेकी केली. गेल्या मंगळवारी निघालो. घरी सांगितलं की पाटणला माझ्या जुन्या विद्यार्थ्याची वास्तुशांत आहे. (विद्यार्थ्याचं नाव रामगोंडा ठेवलं. सातवीत चिरमुऱ्यांच्या पुड्या वर्गात विकणारा. खोटं बोलताना माणसानं ओळखीचं नाव वापरावं म्हणजे अडखळायला होत नाही, असा माझा समज होता.) ही इतकी भाबडी की तिनं रामगोंडाच्या बायकोसाठी खण-नारळ दिला, दशम्या बांधून दिल्या आणि "त्याच्या आईला विचारलंय म्हणून सांगा" असंही म्हणाली. तो नारळ पिशवीत माझ्या मांडीवर बसून पाटणपर्यंत माझ्याकडं बघत होता.

मोरझरी फाट्यावर उतरलो की समोरच निसर्गवैभव लॉज आहे. मालक हंबीरराव. पूर्वी ट्रक चालवायचे, त्यामुळं बोलताना अजून मागं गाडी येत असल्यासारखे मान वळवून बोलतात. दारावर पाटी : 'राहण्याची व जेवणाची उत्तम सोय. खिडकीतून वाघ दिसतो.' नानासो, मी भूगोलाचा माणूस. मी विचारलं, या भागात वाघ खिडकीपर्यंत येतो? हंबीररावांनी मला वरच्या खोलीत नेलं आणि खिडकी उघडली. समोर पाण्याची टाकी, आणि टाकीवर पेंटरनं काढलेला वाघ. एक डोळा जरा खाली घसरलेला, तोंडावर नुकतीच फी भरल्यासारखा भाव. "दिसला?" हंबीरराव म्हणाले, "मग? खोटं लिवलंय व्हय आमी?" माझं सामान तोवर खोलीत ठेवलंही गेलं होतं.

त्या लॉजमध्ये भिंती कमी आणि पाट्या जास्त आहेत. 'भिंतीस टेकू नये.' 'पलंगावर उड्या मारू नयेत.' (अठ्ठावन्नाव्या वर्षी हे वाचून माणसाला उगीच मारावीशी वाटते.) 'निसर्ग मालकाचा आहे, फुले तोडू नयेत.' टेकू नये ते बरोबरच आहे, कारण भिंत म्हणजे प्लायवूडची फळी, आणि ती छताच्या अलीकडं दीड हात थांबते. पलीकडच्या खोलीत इस्लामपूरचं नवं जोडपं होतं. दुपारची वेळ, मी पडलो होतो. पलीकडं ती म्हणत होती, आपण इथं आलोय हे तुमच्या आईला का सांगितलं नाही. तो म्हणत होता, सांगितलं असतं तर तीपण आली असती. मी कूस बदलली. पलंग वाजला. लगेच फळीवरून तिचा आवाज आला, "काका, जागे आहात का? मग तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?"

नानासो, माझ्या तोंडाला कुलूप का लागत नाही? मी उठून बसलो आणि फळीकडं तोंड करून अर्धा तास बोललो. सासू म्हणजे काय, मुलगा म्हणजे काय, आपल्या सासूबाईंचा दाखलाही दिला. शेवटी तिकडून तो म्हणाला, "काका, आमच्या आईबद्दल तुम्ही बोलायचं काम न्हाई." आणि ती म्हणाली, "व्हय, त्या तशा न्हाईतच मुळी!" दोघांची गट्टी झाली आणि मी वाईट ठरलो. रात्रीच्या जेवणाला दोघं माझ्याकडं पाठ करून बसले होते. बहिणींच्या दृष्टीनं विचार केला तर या लॉजमध्ये एकीनं उसासा टाकला तरी दुसरीला त्याचा अर्थ लागेल. पावणेदोन वर्षांचं साठलेलं फळीवरून जायला लागलं तर आपण दोघांनी टाकीवरच्या वाघाशेजारी जाऊन बसावं लागेल. निसर्गवैभव बाद.

बुधवारी घाट चढून वर गेलो. तिथं इंग्रजांच्या काळचा जंगल बंगला आहे, तुम्ही औंधला ज्याचं एवढं कौतुक केलंत तो. कौतुक खोटं नाही. समोर दरी अशी उघडते की मी छडी शोधायला लागलो. राखणदार धुळा नावाचा, साठीचा, अंगानं चिवट. आणि त्याची बायको भामाबाई स्वयंपाक करते. माणसं सोन्यासारखी. पण बंगल्याच्या खोल्या दोन टोकांना, मधे एवढा मोठा दिवाणखाना की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला माणसानं निरोप पाठवावा. ओसऱ्यासुद्धा दोन, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. साहेब आणि मडम भांडल्यावरच नकाशा काढला असावा. आपल्या दोघी तिथं आठ दिवस राहून एकमेकींना न दिसता परत येतील.

तरी मी बंगल्याच्या बाजूनं होतो, गुरुवारी सकाळी साडेआठपर्यंत. तेव्हा जे झालं ते तुम्ही कुणाला सांगणार नाही या बोलीवर लिहितो. बंगल्याचा संडास मागं पन्नास पावलांवर, दगडी, पत्र्याचं दार. त्याच्या भिंतीलगत वनखात्यानं जनावरांसाठी मिठाचा खडा ठेवलेला आहे. (का ठेवला, तिथंच का, हे मी विचारलं. धुळा म्हणाला, आधी खडा हुता, संडास मागनं झाला.) मी आत गेलो. थोड्या वेळानं बाहेर कुणीतरी श्वास सोडला. मला वाटलं, धुळा. मी म्हणालो, "येतो, येतो." उत्तरादाखल भिंत हलली. फटीतून पाहिलं तर, नानासो, काळंभोर, गुळगुळीत, एस.टी.च्या बॉनेटएवढ्या खांद्याचं धूड, आणि चारी पायांत गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे! गवा. एकतीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, गवा हा सह्याद्रीतला सर्वांत मोठा प्राणी, चित्र पाहा. ते चित्र आता एका वितीवर उभं राहून मीठ चाटत होतं, आणि चाटून झालं की अंग खाजवायला त्याला नेमकी माझीच भिंत आवडत होती.

मी हाक मारली. मोठ्यानं मारता येईना, म्हणून आदबशीर मारली. धुळा स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर चढला आणि तिथनं म्हणाला, "गुरुजी, दार उघडू नगासा. त्यो लय गरीब हाय, पर तुमी गरीब हाय का न्हाई ह्ये त्येला ठावं न्हाई."

"मग मी काय करू?"

"काय बी करू नगासा. बसूनच ऱ्हावा. त्येचं झालं की जातोय त्यो."

मधे भामाबाईंनी विचारलं, "च्या ठिवू का उतरून?" मी आतून म्हणालो, ठेवा. असा सव्वा तास गेला. त्या सव्वा तासात माणसाला आयुष्यातल्या पुष्कळ गोष्टी आठवतात. मला एकच आठवली : ही म्हणाली होती मला खरा सह्याद्री दाखवा, आणि मी एकटाच बघतोय. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं की ही इथं नाही. (इथं म्हणजे संडासात नव्हे. कट्ट्यावर, धुळाशेजारी.) शेवटी गवा माझ्याकडं एकदा मान वळवून बघून सावकाश खाली उतरला. मी बाहेर आलो तेव्हा चहा गार झाला होता आणि खालची एस.टी. गेली होती.

"आता संध्याकाळीच गाडी," धुळा म्हणाला. "खालच्या वाडीत राहीबाईकडं जावा. न्याहारी गावंल, सावली गावंल. कालिजातली पोरं झाडपाला गोळा कराय येत्यात ती बी तितंच उतरत्यात."

म्हणजे तिसरी जागा मी शोधली नाही, गव्यानं शोधून दिली. राहीबाईंचे मालक मुंबईला माथाडीत आहेत, वर्षातनं शिमग्याला आणि गणपतीला येतात. घर कौलारू, एक लांब ओसरी, ओसरीवर दोन खोल्या शेजारी शेजारी. पडदा कापडाचा नाही, फळीचा नाही, चांगली मातीची जाड भिंत. आणि मागं चूल एक! तिथून फाट्याची एस.टी. दिवसातनं दोनदाच, सकाळची चुकली तर थेट संध्याकाळी. मी ओसरीवर उभा राहून मनातल्या मनात तुम्हाला सॅल्यूट केला. राहीबाईंनी नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी समोर ठेवली, वर ताक. खण-नारळ मी त्यांनाच दिला; आमच्या मंडळींनी पाठवलाय म्हणालो. एवढं तरी खरं होतं. त्यांनी खण उलगडून पाहिला, परत घडी घातली, देवापुढं ठेवला आणि समोर येऊन बसल्या.

"खोल्या कुनासाठी बगताय, गुरुजी?"

कुणाला सांगायचं नाही असं आपलं ठरलं होतं. पण नाचणीची भाकरी गरम होती. सगळं सांगितलं, माधवनगरपासून औंधपर्यंत. राहीबाई ऐकता ऐकता सुपातली नाचणी पाखडत होत्या. मग म्हणाल्या, "आन् ह्ये त्या दोगींस्नी ठावं न्हाई?"

"नाही."

"आवं, मग जंगलात आनून काय करनार? दोगी दोन झाडांकडं तोंड करून बसतील की."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. हातातलं सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "माजी बी धाकली भन हाय. खालच्या अंगाच्या गावात दिल्याली. धरन झालं तवा त्यांचं गाव पान्यात गेलं. सरकारनं तिकडं सोलापूरच्या अंगाला जमीन दिली. निगायच्या आदल्या दिसाला समदं गाव भेटाय गेलं. म्या न्हाई गेले. एका कोंबडीवरनं बोलनं बंद हुतं आमचं."

"किती वर्षं झाली?"

"माजी थोरली ल्येक तवा रांगत हुती. आता लगीन झालं तिचं."

नानासो, मास्तरकी केलेला माणूस गप्प बसला तर त्याचे हात चाळा शोधतात. माझ्या पिशवीत एक कोरं आंतरदेशीय पत्र होतं, तुम्हालाच लिहायला घेतलेलं. ते काढलं. म्हणालो, सांगा, लिहितो. गावाचं नाव, तालुका, मेहुण्याचं नाव त्यांना तोंडपाठ होतं. इतकी वर्षं कुणाला न सांगताही ते कसं तोंडपाठ राहतं कोण जाणे. मी पत्ता घातला, 'अनेक आशीर्वाद' घातलं, खुशाली घातली आणि थांबलो. राहीबाईंनी अंगणाकडं तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "लिवा. ती कोंबडी तुजीच हुती."

"आणखी?"

"बास."

मी सही म्हणून अंगठा घेतला. संध्याकाळी पाटणला पेटीत टाकताना पत्र आत पडलं की नाही ते दोनदा वाकून पाहिलं. आजवर शेकडो पोरांचे निबंध तपासले, एवढं नेमकं वाक्य कुणी लिहिलं नव्हतं.

तर निर्णय झाला. राहीबाईंच्या दोन्ही खोल्या मी शनिवार एकवीस तारखेपासून तीन दिवस सांगून ठेवल्या आहेत. तुम्ही आक्कांना घेऊन दुपारच्या गाडीनं या. आम्ही सकाळी पोचू. मी ओसरीवर पेपर वाचत बसलेला असेन. तुम्ही आश्चर्य करायचं. फार करू नका. फौजेतल्या माणसाला आश्चर्य जमत नाही, तुमचं तोंड दम दिल्यासारखं दिसतं. आक्कांना साष्टांग सांगायचा आहे, पण सांगू नका. मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
आप्पासो

ता. क. वरचं सगळं वाचलंत तर वाटेल की अडचण फक्त उतरायच्या जागेची आहे. ती नाही. माझी तुम्हाला विनंती वेगळीच आहे, आणि ती लिहायचं धाडस व्हायला एवढी पानं लागली. आक्कांनी माफी मागावी असं माझं म्हणणं नाही; थोरल्या आहेत. पण दर सणाला ही पुरण घाटते, झाऱ्याच्या टोकावर जरासं घेऊन माझ्यापुढं धरते आणि विचारते, "बघा हो, आईसारखं झालंय का?" मी म्हणतो, झालंय. ती म्हणते, "तुम्हाला काय कळतंय." आणि ते खरं आहे. सासूबाईंच्या हातची पुरणपोळी मी पंचवीस वर्षं खाल्ली, पण सगळं लक्ष तुपाकडं. मेहुण्याची चव तंबाखूनं मारलेली. तेव्हा ती चव ओळखणारी जीभ आता जगात एकच उरली आहे, आणि ती तुमच्या घरात आहे. राहीबाईंच्या चुलीवर ही काहीतरी करीलच. आक्कांना एवढंच सांगा, पहिला घास खाऊन खरं बोला. खोटं नको, हिला कळेल. पण खरं चांगलं असेल तर ते मोठ्यानं बोला.

ता. क. मंगळवार सकाळ. काल तिकीट आणायला पोस्टात गेलो आणि पत्र टेबलावर राहिलं. परत आलो तर ही चष्मा लावून शेवटच्या पानावर होती आणि डोळ्याला पदर लावून हसत होती. (हसतच होती. मी जवळ जाऊन पाहिलं. मग नीट सांगता येईना.) नानासो, आपला कट फुटला म्हणावं तर तो कधी शिवलेलाच नव्हता. मी 'वास्तुशांती'ला गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी रामगोंडा स्वतः आमच्या घरी आला होता. धाकट्या मुलीच्या बारशाचं बोलावणं घेऊन. पाटणला नव्हे, तो ओगलेवाडीला राहतो. हिनं त्याला चहा दिला आणि माझ्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मी आल्यावरही विचारलं नाही. फक्त "खण आवडला का?" एवढंच म्हणाली, आणि मी हो म्हणालो.

आणि दुसरं. आक्कांचं पत्र दहा दिवसांपूर्वीच आलं आहे. हिनं ते तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं; काल काढून माझ्या हातात दिलं. यात्रेनंतर आक्का आठ दिवस तापानं पडल्या होत्या हे तुम्ही मला का कळवलं नाही? तोंडाची चव गेली, घशाखाली घास उतरेना. तुम्ही केलेल्या खिचडीबद्दल त्यांनी जे लिहिलं आहे ते मी इथं लिहीत नाही, तुम्ही सुभेदार आहात. पण त्यापुढं असं आहे, आणि त्यांच्याच अक्षरात आहे, म्हणून त्यांच्याच शब्दांत देतो : "माले, आईच्या हातची आंबील प्यावी वाटली. करनारं कोन न्हाई. तवा ध्यानात आलं, तूच हाईस. तीन वर्सं आई तुझ्यापशी ऱ्हायली, मला येक दिस बी पुरती गावली न्हाई, म्हून त्या दिशी तोंडातनं तसं गेलं. चव व्हती. व्हती म्हून तर घास उतरंना."

मी वाचून पत्र परत दिलं. हिनं ते परत तांदळात ठेवलं. तेव्हापासून हिची आक्कांना तीन पत्रं गेली आहेत, तिन्ही सोसायटीच्या पत्त्यावरच. तुमच्या सोसायटीच्या शिपायाला एवढी गुप्त पत्रं सांभाळायची सवय नसावी, त्याला काहीतरी द्या. दोघींचं नरसोबाच्या वाडीला जायचं ठरत होतं. पण माझी पानं वाचून हिनं तिथल्या तिथं बेत बदलला. राहीबाईंकडंच जायचं म्हणते, तीन नव्हे, पाच दिवस. मधे एकदा धुळाच्या कट्ट्यावर बसून गवा बघणार आहेत. हिनं विचारलं, "खडा भिंतीच्या कुठल्या बाजूला आहे?" मी नकाशा काढून दिला.

ता. क. आणखी एक, आणि हेच खरं कामाचं. मी विचारलं, मग गाडीत चार तिकिटं काढू ना? ही म्हणाली, दोनच. "तुम्ही दोघं असलात की आमचं बोलणं होत नाही." तेव्हा पाच दिवस मी इथं एकटा आणि तुम्ही तिथं. म्हशीला गडी आहे, तुम्हाला कोण आहे? माझं म्हणाल तर मला चहा येतो. भातही येतो, पण तो भात आहे हे समोरच्याला सांगावं लागतं. भाकरी थापणारा माणूस म्हणून तुमची पलटणीत ख्याती होती असं तुम्हीच औंधला सांगत होता. त्या वेळी मी विश्वास ठेवला नव्हता, आता ठेवतो. तुम्ही एकवीस तारखेला आक्कांना घेऊन सकाळच्या वडूज गाडीनं कराडला या, ती दहाला येते. शाळूचं पीठ ताजं दळून आणा. दोघींना आपण पाटणच्या गाडीत बसवून देऊ. मी स्टँडवरच थांबलेला असेन. मला भूक साडेदहाला लागते.